पुलावर थांबता येत नाही

आमच्या गावाचं नाव एका शहराच्या नावात आलं तेव्हा मी ऑफिसात होतो. ऑक्टोबर २०२४. कुणीतरी ग्रुपवर बातमी टाकली : कर्नाळा-साई-चिरनेर न्यू टाउन. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं, ३२३ चौरस किलोमीटर, विकास करणार एमएमआरडीए. वर्तमानपत्रांनी लगेच तिसरी मुंबई म्हणायला सुरुवात केली. शेजारच्या टेबलावरचा मित्र पुण्याचा. तो म्हणाला, "साहेब, आता तुम्ही डाउनटाउनवाले. सी-फेसिंग मिळेल का एखादा टू बीएचके?"

चिरनेरला समुद्र नाही. एका बाजूला अक्कादेवीचा डोंगर, मधे भातशेती, आणि उरणकडे जाताना खोपट्याची खाडी, म्हणजे भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल, खाजण, तिवरं. पण हे सगळं त्याला सांगत बसलो नाही. "बघू," म्हणालो. खरं सांगायचं तर मनात त्या टू बीएचकेचा आराखडाही तयार झाला होता. बाल्कनीसकट.

इथेच एक कबुली देऊन टाकतो. त्याच वर्षी आधी या योजनेवर हरकती मागवल्या गेल्या होत्या. गावोगाव बैठका झाल्या, लोकांनी अर्ज दिले. बाबांचा अर्ज मी टाइप केला. गट नंबर, क्षेत्र, पीक, सगळं नीट. 'सदर जमीन हे आमच्या कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन असून' हे वाक्य माझं. बाबांना ते इतकं आवडलं की आळीतल्या आणखी अकरा जणांच्या अर्जांत ते चिकटवलं गेलं, कॉपी-पेस्ट, मीच केलं. आणि त्या रात्री मी उलव्यातल्या फ्लॅटचे भाव बघत बसलो होतो. आमच्या कुटुंबाची उपजीविका गेली पाच वर्षं माझ्या पगारावर चालते. भात होतं ते खायला, वाल होतात ते वाटायला.

---

आमच्या घरात मुंबई तीन प्रकारची आहे.

पहिली बाबांची. बाबा उरणच्या कंटेनर यार्डात कामाला होते, पण त्याआधी आणि नंतरही मुंबईला जायचं म्हणजे एसटीने उरण, तिथून मोरा बंदर आणि मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का. कधी परळच्या इस्पितळात कुणाला दाखवायला, कधी मशीद बंदरला काही आणायला, कधी कोर्टात. म्हणजे बाबा आयुष्यभर समुद्रातून मुंबईत गेले, पण त्यांनी मुंबईचा समुद्र पाहिला नव्हता. धक्का पाहिला होता. हे मला फार उशिरा कळलं. मुंबईला पाण्याच्या दोन बाजू आहेत. पूर्वेची कामाची : गोद्या, गोदामं, मासळी, कोळसा, जहाजतोडणी, भिंती. पश्चिमेची हवा खायची : चौपाट्या, कट्टे, सूर्यास्त. सिनेमात दिसते ती पश्चिमेची. आमच्याकडच्या माणसांची ये-जा पूर्वेच्या मुंबईत, मागच्या दाराने. भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या त्या धक्क्यावर उतरायचं, काम करायचं, शेवटची लाँच पकडायची. सूर्यास्त बघायला थांबलं तर लाँच चुकते.

दुसरी मुंबई बयची. बय म्हणजे माझी आजी, घरात सगळे तिला बयच म्हणतात. तिचं माहेर घारापुरी. जग त्या बेटाला एलिफंटा म्हणतं आणि लेणी बघायला येतं. तिथे तीन वस्त्या आहेत, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर, आणि बेट आमच्या उरण तालुक्यातच मोडतं हे बहुतेक पर्यटकांना माहीत नसतं. बय मोराबंदरची. लहानपणी तिला मुंबई दिसायची ती रात्री. समोर सगळा उजेड आणि आपल्या घरात चिमणी. पुढे बेटावर जनरेटर आला, तोही संध्याकाळचे काही तास. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून घारापुरीला कायमची वीज आली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. गेटवे ऑफ इंडियापासून तासाभराच्या अंतरावर. त्याच्या दोन वर्षं आधी बयचा भाऊ वारला आणि तिचं तिकडे जाणं थांबलं. गुडघे, मग कोरोना, मग राहूनच गेलं.

तिसरी मुंबई माझी. खिडकीतून पश्चिमेला दिसणारी आभाळातली नारिंगी झाक. मी ती मुंबई समजायचो. दहावीत कळलं की ती मुंबई नसून न्हावा-शेवा बंदराचे दिवे आहेत.

---

बाबांना आणि बयला एकतीस डिसेंबरला मरीन ड्राइव्ह दाखवायचं हे माझ्या डोक्यात आलं ते सिंगापूरमुळे. २०२२ साली तीन महिन्यांसाठी कंपनीने पाठवलं होतं. एकतीसच्या रात्री मरीना बेवर गेलो. तीन वाजल्यापासून लोक जागा धरून बसलेले, पाण्यावर इच्छा लिहिलेले मोठमोठे पांढरे गोळे तरंगत होते, आणि बारा वाजता जे काही आकाशात झालं ते मी मोबाइलवरून घरी दाखवलं. आपल्याकडे तेव्हा साडेनऊ वाजले होते. बाबा शेतात होते, पोपटी लावत होते. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "चांगला हाय. पन तू जेवलास का?" तिथल्या एका सहकाऱ्याने नंतर सांगितलं की ती अख्खी किनारपट्टी भराव टाकून केलेली आहे, आणि समोरचं पाणीसुद्धा आता समुद्राचं नाही. २००८ साली तोंडावर बांध घालून त्यांनी त्याचा गोड्या पाण्याचा साठा केला. मला ते त्या वेळी भयंकर भारी वाटलं होतं. अजूनही वाटतं. इंजिनिअरला बांध आवडतो.

पोपटीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आमच्याकडे थर्टी फर्स्ट म्हणजे तीच. नव्या वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, हे सगळं मातीच्या मडक्यात, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला. मडक्याचं तोंड त्याच पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि वरून पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. झालं की नाही ते मडक्यावर पाणी शिंपडून चुरर्र आवाजावरून ओळखतात, आणि हा आवाज बरोबर ऐकू येणारा एक चुलता प्रत्येक आळीत असतो. भांबुर्डा बांधावर फुकट उगवतो. इतर दिवशी त्याला तण म्हणतात.

तर २०२४ची पोपटी सोडून मुंबईला जायचं हे ऐकून घरात कुणी उड्या मारल्या नाहीत. बाबा म्हणाले, "शेंगा कोन भाजनार?" चुलतभाऊ म्हणाले, आम्ही भाजू, तुम्ही जा. बय म्हणाली, "लाँचनं न्हेशील तर येतंय."

आता इथे अडचण होती. बरोबर तेरा दिवस आधी, १८ डिसेंबरला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली होती. बोट उलटली, माणसं बुडाली. आम्ही ते सगळे व्हिडिओ पाहिले होते. बयने नाही पाहिले, पण ती दोन दिवस फोनवर होती. माहेरचं कुणी बोटीत होतं का, कोण वाचवायला गेलं, सगळं तिने विचारून घेतलं. आमचं कुणी नव्हतं. मी म्हटलं, बय, आता नको लाँच, काही महिने जाऊ देत. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पंचांग उलटं धरलंय. "पान्याचा काय दोष त्यात?"

मी मोऱ्याहून संध्याकाळची लाँच पकडायचं ठरवलं आणि कुणाला न सांगता मित्राची गाडीही मागून ठेवली.

---

एकतीसला सकाळी बय भांडी घासत असताना म्हणाली, "आज पौषाचा पयला दीस. सांजचा पानी नसंल. लाँच नाय सुटाची."

मी मोबाइलवर वेळापत्रक काढलं आणि दाखवलं. त्यात लाँच होती.

आम्ही पाच वाजता मोऱ्याला पोचलो. बंदरात पाणी नव्हतं. म्हणजे खरोखरच नव्हतं : धक्क्याच्या पायऱ्या संपतात तिथून पुढे लांबपर्यंत गुळगुळीत राखाडी चिखल, त्यावर दोन होड्या कलंडलेल्या, आणि बगळे. मोऱ्याला गाळ साचतो ही जुनी रड आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी ओहोटी लागली की लाँच काही तास बंद ठेवावी लागते. तिकीट खिडकीवरचा माणूस म्हणाला, "रात्री पाणी आल्यावर बघू." बय काही बोलली नाही. ते न बोलणं फार वाईट होतं.

गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, कसं कळलं तुला? आणि मग तिने जे सांगितलं ते कोकणच्या किनाऱ्यावर पुष्कळांना ठाऊक असेल, मला नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. प्रतिपदा म्हणजे एक, तिची पाऊणपट पाऊण, म्हणून पाऊण वाजता भरती, दुपारी आणि रात्री. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे पावणेसातच्या सुमाराला पाणी पार तळाला. चतुर्थीला तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. बास.

एका ओळीचं कोड आहे हे. मी गाडी चालवता चालवता तपासून पाहिलं. पंधराव्या तिथीला सव्वाअकरा येतात, खरं तर बारा यायला हवेत. भरती रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्त पुढे सरकते, ती जास्तीची तीन-तीन मिनिटं साचत जातात आणि पक्षाच्या शेवटी पाऊण तासाची चूक होते. प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली की चूक आपोआप धुतली जाते. शाळेत न गेलेल्या बाईच्या डोक्यात दर पंधरा दिवसांनी रीसेट होणारा, स्वतःची चूक स्वतः सांभाळणारा प्रोग्रॅम साठ-सत्तर वर्षं चालू आहे, आणि मी तिला वेळापत्रकाचं ॲप दाखवत होतो.

---

उरणहून जासईमार्गे चिर्ल्याला आलो, जिथे अटल सेतूचं आपल्या बाजूचं टोक आहे. जासईवरून जाताना बाबा नेहमीप्रमाणे गप्प झाले. १९८४च्या जानेवारीत इथे आणि नवघरला जमिनीच्या भावासाठी आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली. बाबा तेव्हा शाळेत होते, आजोबा मोर्चात. आमच्याकडे गोळीबार तारखांनी ओळखतात. चिरनेरचा त्याआधीचा : २५ सप्टेंबर १९३०, जंगल सत्याग्रह, अक्कादेवीच्या डोंगरावर. आठ जण गेले, त्यांत नाग्या महादू कातकरी होता. महागणपतीच्या देवळात त्या दिवशीच्या गोळीची खूण अजून दाखवतात. शाळेत असताना आम्ही दर वर्षी स्मारकावर रांगेत उभे राहायचो आणि पोलीस सलामी द्यायचे. पोलीसच का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

टोल २५० रुपये. बाबांनी आकडा ऐकला आणि लाँचच्या तिकिटाशी तुलना केली, मोठ्याने.

अटल सेतूची लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले सुमारे साडेसोळा समुद्रावर. १२ जानेवारी २०२४ला तो सुरू झाला, त्याच दिवशी उरणची लोकलही. सुरुवातीच्या दिवसांत लोक मधेच गाड्या लावून कठड्यावर चढून फोटो काढत होते. मग पोलिसांनी दंड लावायला सुरुवात केली. मी त्यावरून अनेकदा गेलोय, पण एकट्याने आणि घाईत. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐंशीच्या आत गाडी ठेवली.

दिवस मावळला होता. ओहोटीमुळे शेव्याच्या बाजूला खाजण उघडं पडलं होतं. मग पाणी सुरू झालं. डावीकडे बंदराच्या क्रेन, त्यांच्यामागे दिवे, आणि त्यांच्या पलीकडे एक काळा उंचवटा. बय डावीकडच्या खिडकीत होती. मी म्हटलं, "बय, ती घारापुरी."

तिने काच खाली करायला लावली. वारा आत घुसला, बाबांनी मफलर धरला. ती म्हणाली, "ती नाय. तिकडं उजेड हाय."

"वीज आली ना तिथं, २०१८ला. तुला सांगितलं होतं."

ती बराच वेळ बोलली नाही. उजेड फार नव्हता. पायथ्याशी दिव्यांची एक ओळ, त्यात दोन-तीन जरा ठळक, एक लुकलुकणारा. मुंबईच्या, बंदराच्या, पुलाच्याच दिव्यांच्या तुलनेत काहीच नाही. तिने खिडकीबाहेर बोट काढलं आणि मोजू लागली. धक्का. मग मोकळी जागा. मग विहिरीकडचा. त्याच्या वरच्या अंगाला एक सुटा दिवा होता.

"तो आमचा. तो आमच्या घराकरचा. थांबव रं."

"बय, पुलावर थांबता येत नाही."

"जरा."

"दंड आहे. मागून गाड्या येतायत."

"आरं जरासा."

मी थांबलो नाही. साठवर आणली गाडी, मागच्याने हॉर्न मारला. बय मान वळवून मागे बघत राहिली, मग मागच्या काचेतून, मग पुलाला वळण आलं. मी पुढे तीन वेळा सॉरी म्हटलं. तिने काच वर करायला सांगितली, एवढंच.

---

शिवडीला उतरून, फ्रीवेने, मग गर्दीत सापडून, एका पार्किंगमध्ये गाडी टाकून टॅक्सी करून आम्ही मरीन ड्राइव्हला पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. बयला धरून कट्ट्यापर्यंत नेणं हे मोठंच काम होतं. पण गर्दीची एक गोष्ट मला तिथे आवडली : म्हातारं माणूस दिसलं की जागा होते. कल्याणहून आलेल्या एका कुटुंबाने सरकून आम्हाला तिघांना बसवलं. त्यांच्या बाईंनी बयच्या हातात चकली दिली. दहा मिनिटांत दोघी एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत होत्या.

तिथे काय असतं ते सांगायची गरज नाही. चमकणारी शिंगं, फुगे, सायकलवरचा चहा, पोलिसांच्या शिट्ट्या, दूर मलबार हिलपर्यंत वळत गेलेले दिवे. करमणूक म्हणावी असं काहीही नाही. तिकीट नाही, स्टेज नाही. कट्टा आहे आणि समोर पाणी आहे, आणि लोक पाण्याकडे तोंड करून किंवा पाठ करून बसलेत. मी सिंगापुरात जे पाहिलं ते यापेक्षा शंभरपट देखणं होतं. पण तिथे तीन वाजल्यापासून जागा धरावी लागली होती, आणि इथे एका चकलीत काम झालं. हे विधान अन्यायाचं आहे, मला माहीत आहे. तरी करतो.

बाबा मात्र अस्वस्थ होते. मागच्या इमारतींकडे बघत होते, समुद्राकडे नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ही जागा कोनाची होती?"

"कुठली?"

"हीच. रस्ता, बिल्डिंगा. आधी कोनाची होती?"

मी म्हटलं, कुणाची नाही, समुद्र होता. भराव टाकलाय. मला यातलं जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. या किनाऱ्याचं काम १९१५मध्ये सुरू झालं. पुढे १९२०च्या दशकात बॅकबेची मोठी भराव योजना निघाली, तिच्यात इतका पैसा बुडाला आणि इतका घोळ झाला की खुर्शेद नरिमन नावाच्या वकिलाने तो चव्हाट्यावर आणला. त्याच्यावर बदनामीचा खटला झाला, तो सुटला. त्याच्या नावावरूनच ते टोक, नरिमन पॉइंट. आणि या ज्या गोलसर बाल्कन्यांच्या इमारती आहेत त्या आर्ट डेको, २०१८पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

बाबांनी यातलं एकच उचललं. "म्हंजे जमीन कोनाची घेतली नाय. पान्यातून केली."

"हो."

"मंग बरा हाय." आणि त्यानंतर ते समुद्राकडे वळून बसले.

मला वादात एक मुद्दा सुचला होता. पाणीसुद्धा कुणाचं तरी असतं, मासेमारी करणाऱ्यांचं असतं. खोपट्याच्या खाडीवरच्या कुणालाही विचारा. पण बाबा इतके निवांत बसले होते की मी तो गिळला.

अकराच्या सुमाराला बय म्हणाली, "पानी चरतंय." मी बघितलं. आलो तेव्हा खालचे सिमेंटचे तिकोनी ठोकळे बुडाशी उघडे होते, त्यांत अडकलेल्या बाटल्या दिसत होत्या. आता त्यांच्यामधून पाणी वर येत होतं, आवाज न करता. कल्याणच्या बाईंनी विचारलं, कसं कळतं हो तुम्हाला? बयने त्यांना पाऊणपट शिकवली. त्यांच्या मुलाने मोबाइलवर पडताळून पाहिली आणि "ओ शिट" म्हणाला.

बारा वाजता आरडाओरडा झाला, हजारो मोबाइल वर गेले, कुठेतरी दोन-चार बाण उडाले, चर्चगेटच्या बाजूने लोकलचे भोंगे लांबपर्यंत वाजत राहिले. बयने कानांवर हात ठेवले होते, पण हसत होती. बाबांनी माझ्याशी हात मिळवला. आमच्या दोघांच्या आयुष्यात आम्ही एकमेकांशी हात मिळवल्याची ही बहुधा पहिली वेळ. नंतर काय करायचं ते दोघांनाही कळेना, म्हणून चहा घेतला.

---

परतताना पुलावर बय झोपलेली होती, किंवा डोळे मिटून होती. मी पाहिलं नाही. गावात शिरलो तेव्हा तीन वाजून गेले होते. शेताकडे अजून विस्तव होता. चुलतभाऊ चादरी लपेटून बसले होते, आणि आमच्यासाठी एक मडकं न फोडता निखाऱ्यांच्या कडेला ठेवलेलं. त्यांचा स्पीकर बंद पडला होता म्हणून की काय, शेतात फार शांत होतं. पश्चिमेला ती नारिंगी झाक.

आम्ही तिथेच बांधावर बसलो. हा तोच गट नंबर, जो मी अर्जात टाइप केला होता. भावाने मडकं मोकळं केलं, भांबुर्ड्याचा तो उग्र वास आला, शेंगा पेपरवर ओतल्या. कुणी फार बोलत नव्हतं. बाबा एक शेंग सोलत म्हणाले, "इथं त्यांचा शहर झाला तर असा कट्टा ठेवतील का? बसाला?"

"नकाशात काय काय असतं बाबा. गार्डन, प्रोमेनाड..."

"त्ये नाय. फुकटचा. कोनी उठवनार नाय असा."

मी म्हटलं, ठाऊक नाही. आणि मग मी त्यांना उलव्याच्या फ्लॅटचं सांगितलं. का त्या वेळी, ते मलाही नीट सांगता येणार नाही. अर्ज टाइप केल्याच्या रात्री भाव बघत होतो, हेही सांगितलं. ते चुलतभावांसमोर सांगायला नको होतं. भाऊ निखारे ढवळत बसला. बाबांनी सोललेले वालाचे दाणे बयच्या हातात ठेवले. मग म्हणाले, "मना म्हायत हाय. तुझा तो लॅपटॉप उघडाच असतो." थोड्या वेळाने म्हणाले, "पन अर्ज चांगला लिव्हलावतास."

बयला आमच्या या बोलण्यात रस नव्हता. तिने दाणे खाल्ले, पदराला हात पुसले आणि विचारलं, "आईतवारी तुला सुट्टी हाय ना? आईतवारी तीथ कनची?"

मी मोबाइल काढला. रविवार, ५ जानेवारी. षष्ठी.

"सहाची पाऊणपट?"

"साडेचार," मी म्हटलं. "दुपारी साडेचारला भरती. मोठी ओहोटी नाही, लाँच चालू असेल."

"मंग दोनला मोऱ्याला जाव. सांजला पोचू. रातचे ऱ्हाव." ती उठायला लागली, मी हात दिला. "दिवं लागल्यावर मना त्यो घराकरचा बघाचा हाय. दुसऱ्या कोनाचा नसंल ना त्यो?"

"पोचल्यावर कळेल."

"लाईफ जाकीट घालीन," ती म्हणाली. "तू घाबरतोस म्हनून."